सीएनसी राउटरचा कंट्रोल बदलायचाय: यूएसबी, इथरनेट, डीएसपी हँडल की इथरकॅट?

सुतारशाळा_कुडाळ

नमस्कार मंडळी. कुडाळ एमआयडीसीत लाकूड कोरणारा सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं मशिन) आहे, टेबल १३०० बाय २५०० मिमी. सागाचे आणि फणसाचे दरवाजे, देव्हाऱ्यांच्या कमानी, शिवाय सावंतवाडीच्या खेळणीवाल्यांसाठी पांगाऱ्याचे तुकडे, अशी कामं चालतात. जुना कॉम्प्युटर पॅरलल पोर्टवर माक३ (मशिन चालवायचं सॉफ्टवेअर) चालवायचा. त्याचा मदरबोर्ड गेला आणि नव्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नाही. म्हणून यूएसबीचा मोशन बोर्ड (मोटरना हलण्याचे सिग्नल देणारा बोर्ड) लावला. रिकामं मशिन दिवसभर फिरवलं तरी काही होत नाही. जॉबवर मात्र दिवसातून दोनतीन वेळा कनेक्शन जातं, मशिन जागच्या जागी थांबतं आणि कोरीवकामाची फळी वाया जाते.

मशिनची माहिती: एक्सला दोन मोटर, वायला एक, दोन्हीकडे रॅक-पिनियन. पिनियन १.२५ मोड्यूल, २० सरळ दाते, मध्ये १:५ गिअरबॉक्स. झेडला ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू. चारही मोटर नेमा ३४ स्टेपर, ८६० प्रकारचे ड्राइव्ह, सेटिंग ३२०० पल्स (मोटर हलवणारे विजेचे ठोके) प्रति फेरा. स्पिंडल ३.५ किलोवॅट, एअर कूल्ड, १८००० आरपीएम, व्हीएफडीवर (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह). धूळ ओढायला ५ एचपीचा कलेक्टर. जुन्या कॉम्प्युटरवर एक्सची रॅपिड (न कापता सरकायचा वेग) ७ मीटर प्रति मिनिटाच्या पुढे कधी गेली नाही, ती १५ तरी हवी.

डीलर इथरनेट बोर्ड घ्या म्हणतो. दुसरा सांगतो सगळं काढून इथरकॅट (सगळे ड्राइव्ह एका केबलवर जोडणारं नेटवर्क) सर्वो बसवा. तिसरा म्हणतो कॉम्प्युटरच नको, डीएसपी हँडल (हातात धरायचा स्वतंत्र कंट्रोलर) लावा. नेमकं कशावरून ठरवायचं?

---

पल्स_आणि_दिशा (रत्नागिरी)

केबल कोणती, हे नंतर. आधी पल्स कोण तयार करतंय ते बघा, निवड तिथेच होते.

तुमचा हिशेब मांडू. पिनियनचा पिच व्यास १.२५ × २० = २५ मिमी, परिघ ७८.५४ मिमी. १:५ गिअरबॉक्स धरला तर मोटरच्या एका फेऱ्याला १५.७ मिमी. ३२०० भागिले १५.७ म्हणजे मिमीला साधारण २०४ पल्स. १५ मीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला २५० मिमी, तेव्हा लागतात ५१,००० पल्स प्रति सेकंद. झेडला मिमीला ६४० पल्स. ४ मीटर प्रति मिनिटाला ४२,७००.

आता जुना ७ मीटरचा अडसर. माक३मध्ये पॅरलल पोर्टचा कर्नल स्पीड (सेकंदाला जास्तीत जास्त पल्स) मुळात २५,००० वर असतो. २५,००० भागिले २०४ = सेकंदाला १२२ मिमी, म्हणजे ७.३ मीटर प्रति मिनिट. तुमचं मशिन बरोब्बर तिथेच अडलं होतं. मोटरचा यात काही दोष नाही. त्या जमान्यात पल्स विंडोज स्वतः मोजून सोडायचा, आणि त्याला दुसरं काम आठवलं की पल्समधलं अंतर हलायचं. शिवाय माक३चा पॅरलल ड्रायव्हर ३२ बिट विंडोजवरच चालतो. त्यामुळे पॅरलल पोर्टचं पीसीआय कार्ड टाकून जुनी वाट पुन्हा धरू नका.

एक फुकटचा सुधार आधी करा. ड्राइव्हचे डिप स्विच ३२०० वरून १६०० वर आणा. मिमीला १०२ पल्स, एक पल्स सुमारे ०.०१ मिमीची. लाकडात आणि रॅक-पिनियनवर याहून बारीक काही हाती लागत नाही. गिअरबॉक्सचा बॅकलॅशच (दात्यांमधली ढिलाई) त्याच्या कितीतरी पट असतो. १५ मीटरसाठी आता २५,५०० पल्स पुरतात. अशा कामाला कुठलाही बाहेरचा मोशन बोर्ड चालेल. मग वेग हा निवडीचा मुद्दाच उरत नाही. दोन प्रश्न उरतात: जोडणी तुटली तर काय होतं, आणि ती तुटते कशाने.

बोर्डांच्या तीन जाती आहेत.

पहिली जात बोर्डात साठा ठेवणारी. कॉम्प्युटर पुढच्या काही क्षणांची हालचाल आधीच पाठवून ठेवतो, पल्स बोर्ड सोडतो. तुमचा यूएसबी बोर्ड याच जातीचा, इथरनेट स्मूथस्टेपर किंवा यूसी३००ईटीएच हेही याच जातीचे. विंडोज थोडा अडखळला तर साठ्यावर निभावतं. जोडणी पूर्ण तुटली तर साठा संपतो आणि मशिन थांबतं.

दुसरी जात कॉम्प्युटरशी दर मिलिसेकंदाला बोलणारी. लिनक्ससीएनसी (लिनक्सवरचं कंट्रोल सॉफ्टवेअर) आणि मेसाचा ७आय७६ई बोर्ड ही त्यातली ओळखीची जोडी. पुढची जागा कॉम्प्युटर ठरवतो, पल्स बोर्डावरचा एफपीजीए (त्याच कामाला बांधलेली चिप) सोडतो. इथे साठा नाही, म्हणून कॉम्प्युटर रिअलटाइम लागतो. पॅकेट वेळेत आलं नाही तर बोर्डाचा वॉचडॉग (पहारा ठेवणारा टायमर) आउटपुट बंद करतो. हे कडक वाटतं, पण मशिनच्या दृष्टीने तेच बरोबर.

तिसरी जात जीकोड (हालचालींच्या ओळींची फाइल) थेट बोर्डाला देणारी, म्हणजे जीआरबीएल. तुमच्या कामाला ती का नको, ते आकड्यात बघा. रिलीफ (उठावाच्या) कोरीवकामाच्या फाइलमध्ये ०.२ मिमीचे तुकडे असतात. ६ मीटर प्रति मिनिटाने सेकंदाला ५०० ओळी लागतात, एक ओळ सुमारे २२ अक्षरांची, म्हणजे सेकंदाला ११,००० अक्षरं. ११५२०० बॉडवर सिरियल लाइन सेकंदाला ११,५२० अक्षरंच नेते. काठावरचा कारभार. प्लॅनर (पुढची हालचाल आखणारा भाग) उपाशी राहतो, मशिन हिसके खातं आणि सागावर लाटा उमटतात. साध्या आर्डुइनो उनोवरचा जीआरबीएल ३० किलोहर्ट्झच्या आसपास पल्सलाही थांबतो. जीआरबीएलएचएएल टीन्सी ४.१ वर इथरनेटने चालवलं तर ही दोन्ही बंधनं जातात, पण तो वेगळा विषय.

आता मला हे सांगा: कनेक्शन जातं तेव्हा नेमकं काय चालू किंवा बंद होत असतं?

---

सुतारशाळा_कुडाळ

तीन दिवस वहीत टिपलं. एकूण आठ वेळा गेलं. त्यात पाच वेळा कलेक्टर बंद करताना, दोन वेळा स्पिंडल १८००० वर चढताना. एकदा कारण कळलं नाही, तेव्हा जॉब चालू होता आणि कुणी काही दाबलं नव्हतं.

पॅनेल उघडून बघितलं. स्पिंडलची केबल साधी चार कोअर, बिनशील्डची, आणि लिमिट सेन्सरच्या वायरींबरोबर एकाच केबल चेनमधून गेलीय. यूएसबी केबल ५ मीटर. मशिनचं अर्थिंग वेगळ्या खड्ड्याला. कॉम्प्युटर ऑफिसच्या वीजबोर्डावरून, त्याचा खड्डा वेगळा. कलेक्टरच्या कॉन्टॅक्टरवर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) आरसी (झटका शोषणारा रोध-कपॅसिटर) वगैरे काही नाही.

---

पॅनेल_लोटे

तुमच्या वहीतच उत्तर आहे. बोर्ड बदलण्याआधी हे निस्तरा, नाहीतर नवा बोर्डही असाच रडेल.

कलेक्टर बंद करताना जातं, कारण कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना मोठा उलटा व्होल्टेज झटका देते. २३० व्होल्ट एसी कॉइल असेल तर तिच्या ए१-ए२ टर्मिनलवर त्याच मेकचा आरसी सप्रेसर लावा, वरच क्लिप होतो. २४ व्होल्ट डीसी रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा लावला तर पहिल्याच वेळी रिले चालवणारं आउटपुट जाईल.

स्पिंडल चढताना जातं ते व्हीएफडीमुळे. त्याच्या आउटपुटला चिरलेला उंच व्होल्टेज असतो. साध्या केबलमधून तो शेजारच्या वायरींत झिरपतो, आणि मोटरच्या बॉडीतून गँट्रीत (मशिनच्या सरकत्या पुलात) उतरलेला प्रवाह घरी परतायला वाट शोधतो. तुमच्याकडे त्याला सापडलेली वाट म्हणजे यूएसबीची ग्राउंड वायर. यूएसबीत आयसोलेशन (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणं) नसतं. बोर्डाचा आणि कॉम्प्युटरचा ग्राउंड तांब्याने जोडलेला. इथरनेटमध्ये पोर्टच्या आतच ट्रान्सफॉर्मर असतो, मानकाप्रमाणे १५०० व्होल्ट आयसोलेशनचा. डीलर इथरनेट म्हणतो ते म्हणून योग्य आहे. वेगाशी त्याचा संबंध नाही.

हातातला यूएसबी बोर्डच वापरायचा असेल तर एडीयूएम४१६० चिपचा यूएसबी आयसोलेटर मध्ये टाका, केबल दीड मीटरपर्यंत आणा, दोन्ही टोकांना फेराइट (विजेचा गोंगाट अडवणारी कडी). तो आयसोलेटर फुल स्पीडपर्यंतच, म्हणजे १२ मेगाबिटपर्यंतच चालतो. बोर्ड हाय स्पीडचा असेल तर चालणार नाही, आधी तपासा.

करायची कामं, याच क्रमाने:

स्पिंडलला शील्डेड चार कोअर केबल घाला. शील्ड दोन्ही टोकांना जोडायची: व्हीएफडीच्या बाजूला रंग खरवडलेल्या प्लेटवर क्लँपने गोल पकडून, मोटरच्या बाजूला बॉडीला. शील्डची शेपटी वळून लग मारू नका, उंच वारंवारतेला ती शेपटी म्हणजे अडथळाच. सेन्सरच्या शील्डला वेगळा नियम: ती पॅनेलच्या एकाच टोकाला.

केबल चेनमध्ये मधली पट्टी टाकून स्पिंडल एका कडेला, सेन्सर दुसऱ्या कडेला. पॅनेलच्या आत दोन्हींत २०० मिमी तरी अंतर, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

पल्स-डिरेक्शनच्या वायरी लहान ठेवा, ड्राइव्ह आणि बोर्ड एकाच पॅनेलात. ड्राइव्हची इनपुट ५ व्होल्टची असताना २४ व्होल्ट दिले तर मालिकेत २ किलोओमचा रोध लागतो. तो विसरला की ड्राइव्हच्या आतला ऑप्टो (सिग्नल प्रकाशाने पलीकडे देणारी चिप) जातो.

आता अर्थिंग, आणि इथे कोकणाचं वेगळं आहे. जांभा पाणी धरत नाही. ऑगस्टमध्ये मीटरला सुंदर आकडा देणारा खड्डा मेमध्ये ठणठणीत कोरडा असतो. मोजायचं असेल तर मेमध्ये, अर्थ टेस्टरने. अर्थिंगचं भारतीय मानक आयएस ३०४३ पाइप इलेक्ट्रोडला किमान २.५ मीटर लांबी सांगतं. खाली कातळ लागला आणि तेवढं खोल जाता येत नसेल तर चर खणून आडवी पट्टी टाका, किंवा दोन इलेक्ट्रोड घाला, एकमेकांपासून लांबीच्या दुप्पट, म्हणजे ५ मीटर दूर. मीठ-कोळशाने रोध उतरतो, पण मीठ जीआय पाइप खातं. बेंटोनाइट जास्त टिकतं. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी.

मात्र एक गैरसमज काढून टाका. चांगला खड्डा माणसाला शॉकपासून आणि उपकरणाला फॉल्टपासून वाचवतो. व्हीएफडीचा गोंगाट तो शोषत नाही. गोंगाटासाठी महत्त्वाचं आहे ते पॅनेलात एकच तांब्याची पट्टी आणि तिच्यावर मशिनची बेड, गँट्री, व्हीएफडी, ड्राइव्ह, २४ व्होल्टचा मायनस, सगळं जाड आणि आखूड वायरने आणून बांधणं. गँट्रीला वेगळी चपटी वेणीची वायर द्या. बेअरिंगवर विसंबू नका, ग्रीसचा थर प्रवाह अडवतो.

आणि तुमच्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट: कॉम्प्युटरचा खड्डा वेगळा आणि मशिनचा वेगळा. मेअखेरीला किंवा ऑक्टोबरात जवळ वीज पडली की दोन खड्ड्यांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक येतो, आणि तो फरक मिटवायला मधली एकच तार असते: तुमची डेटा केबल. दोन्ही खड्डे जाड पट्टीने जोडा आणि कॉम्प्युटर मशिनच्याच वीजबोर्डावरून चालवा. कॉम्प्युटरसाठी 'स्वच्छ' वेगळा खड्डा खणून देणारा वायरमन असेल तर त्याला तिथेच थांबवा. मेन बोर्डावर टाइप २ सर्ज प्रोटेक्टर, त्याच्या वायरींची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत. लांब वायरीवर लावलेला प्रोटेक्टर नावापुरता. इथरनेटचे १५०० व्होल्टही थेट विजेपुढे टिकत नाहीत, तेव्हा गडगडाट सुरू झाला की केबल काढून ठेवायची.

राहिला कारण न कळलेला तो आठवा प्रसंग. तो कलेक्टरच्या पाइपचा असावा. लाकडाचा कोरडा भुसा पीव्हीसीतून धावला की स्थिर वीज साठते आणि गँट्रीवर ठिणगी पडते. थंडीत हवा कोरडी असताना हे जास्त होतं. लवचीक पाइपातली तारेची गुंडाळी दोन्ही टोकांना सोलून अर्थ करा, पीव्हीसीवर उघडी तांब्याची तार गुंडाळून तीही.

---

लाखकाम_सावंतवाडी

वरचं सगळं पटतं, पण हँडलची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. डीएसपी हँडलमध्ये जॉब चालू असताना कॉम्प्युटर-बोर्ड असा संवादच नाही. पेन ड्राइव्हवरची फाइल हँडल स्वतःच्या मेमरीत घेतं आणि पल्स स्वतः सोडतं. विंडोज अपडेट नाही, स्क्रीन झोपणं नाही, धुळीत कॉम्प्युटर नाही. लाईट गेली तर थांबलेली जागा लक्षात ठेवून पुढे सुरू करायची सोय असते. दिवसभर दरवाज्यांचीच कामं असतील आणि मशिनवरचा मुलगा कॉम्प्युटर शिकलेला नसेल तर मी हेच सुचवेन.

कमकुवत जागा एकच: हँडलपासून इंटरफेस बोर्डापर्यंतची ५० पिनांची केबल. सगळे सिग्नल तिच्यातून साधे, बिनजोडीचे जातात. ती लांबवू नका आणि व्हीएफडीच्या शेजारून नेऊ नका. कनेक्टरचे स्क्रू घट्ट हवेत. रोज हँडल उचलून ठेवताना पिना सैल होतात, आणि मग एकच अक्ष अधूनमधून हलेनासा झाला की लोक ड्राइव्ह बदलत बसतात. एक जादा केबल घरात असावी.

---

सर्वो_चिपळूण

इथरकॅट माझा रोजचा विषय आहे, तरी या मशिनला मी नको म्हणेन.

एकच फ्रेम सगळ्या ड्राइव्हमधून धावते, प्रत्येक ड्राइव्ह आपला डेटा चालता चालता उचलतो आणि टाकतो, सगळ्यांची घड्याळं एकमेकांना जुळवलेली असतात. जागा, टॉर्क, अलार्म सगळं एका केबलवर परत येतं. सहा-आठ अक्ष, अॅब्सोल्यूट एन्कोडर, दोन ड्राइव्हमध्ये लांब अंतर असेल तर त्याला तोड नाही. तुमच्याकडे चार स्टेपर एकाच पॅनेलात आहेत.

त्यात पुरवठ्याचा प्रश्न. पल्स-डिरेक्शनचा ड्राइव्ह गेला तर कोणत्याही मेकचा, तेवढ्याच करंटचा ड्राइव्ह लावून तासाभरात मशिन चालू होतं. इथरकॅट ड्राइव्ह गेला तर तोच मेक, तेच मॉडेल, त्याची वर्णन-फाइल आणि पॅरामीटरचा बॅकअप लागतो. साखळीतला एक ड्राइव्ह बंद पडला की त्याच्या पुढचे सगळे मुके. जुलैत करूळ घाटात दरड आली आणि पार्सल कोल्हापुरात अडकलं तर तुमचं काम आठवडाभर बंद. हे तोलून ठरवा.

पुढे कधी केलंच तर लक्षात असू द्या: मध्ये साधा नेटवर्क स्विच चालत नाही, आणि ड्राइव्हवरचे इन-आउट पोर्ट अदलाबदल केले की क्रम बिघडतो.

---

पल्स_आणि_दिशा (रत्नागिरी)

लोटेकरांनी वायरिंग पूर्ण सांगितलंय, मी फक्त बोर्डाचं उरलेलं लिहितो.

माकची सवय असेल आणि विंडोजच ठेवायचा असेल तर साठा ठेवणारा इथरनेट बोर्ड. कॉम्प्युटर ते बोर्ड थेट केबल, मध्ये वायफाय राउटर किंवा नेटवर्क स्विच नाही. कॉम्प्युटरच्या त्या पोर्टला हाताने पत्ता द्या. स्मूथस्टेपरचा पत्ता १०.९.९.९ असतो, तर कॉम्प्युटरला १०.९.९.१० आणि सबनेट २५५.२५५.२५५.०. इंटरनेट हवं तर वायफायवर, पण त्याचा पत्ता याच मालिकेतला नको. नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मात वीज वाचवणारे सगळे पर्याय बंद, 'एनर्जी एफिशिएंट इथरनेट'सुद्धा. विंडोजचं झोपणं आणि आपोआप रीस्टार्ट बंद. 'इथरनेटही तुटतं' म्हणणाऱ्या बऱ्याच तक्रारी या दोन ओळींत संपतात.

स्मूथस्टेपर घेतलात तर ब्रेकआउट बोर्ड (वायरी जोडायचा बोर्ड) वेगळा लागतो. स्वस्त ब्रेकआउटवर पीसी८१७ ऑप्टो असतात. लिमिट आणि होम (मूळ जागेच्या) सेन्सरला ते ठीक, पल्सच्या वाटेवर मात्र नकोत, २५ किलोहर्ट्झला पल्सच्या कडा गोल होतात. पल्सच्या वाटेवर ६एन१३७ किंवा थेट बफर बघून घ्या.

लिनक्सची तयारी असेल तर ७आय७६ई. पाच अक्षांचे पल्स, ३२ इनपुट, १६ आउटपुट, स्पिंडलचा अॅनालॉग, सगळं एकाच बोर्डावर आणि फील्डच्या बाजूला २४ व्होल्ट चालतो. वेगळा ब्रेकआउट नको. पण आधी कॉम्प्युटर तपासा. प्रीएम्प्ट-आरटी (रिअलटाइम) कर्नल टाकून लेटन्सी टेस्ट (कॉम्प्युटर किती उशीर करतो ती चाचणी) तासभर चालवायची, आणि त्या वेळी ब्राउझर, मोठ्या फाइलची कॉपी, सगळं सुरू ठेवायचं. १ मिलिसेकंदाच्या चक्रात १०० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर निश्चिंत. बायोसमध्ये सी-स्टेट, स्पीडस्टेप, हायपरथ्रेडिंग बंद. नेटवर्क पोर्ट इंटेलचा असेल तर डोकेदुखी कमी.

स्पिंडलच्या वेगासाठी ० ते १० व्होल्ट ही लाइन गोंगाट ओढते आणि आरपीएम डोलतो. तिथे आरएस-४८५ (डिजिटल संवादाची लाइन) बरा: दोन पिळलेल्या वायरी, दोन्ही टोकांना १२० ओम, कॉम्प्युटरच्या बाजूला आयसोलेटेड कन्व्हर्टर, ९६०० बॉड पुरेसा. दोन गोष्टी मात्र विसरू नका. संवाद तुटला तरी व्हीएफडी शेवटच्या वेगाने फिरतच राहतो, म्हणून त्याचा कम्युनिकेशन-लॉस टायमर १-२ सेकंदांवर लावा. आणि ह्युआनयांगच्या जुन्या व्हीएफडीत मॉडबस (यंत्रांची संवादभाषा) म्हटलं तरी प्रोटोकॉल त्यांचा स्वतःचा. सर्वसाधारण मॉडबस ड्रायव्हरने ती बोलत नाही. लिनक्ससीएनसीत तिच्यासाठी वेगळा भाग आहे. व्हीएफडीच्या सेटिंगमध्ये पीडी००१ आणि पीडी००२ दोन्ही २, पीडी१६३ मध्ये पत्ता १, पीडी१६४ मध्ये १, पीडी१६५ मध्ये ३.

इमर्जन्सी स्टॉप कुठल्याही केबलवरून, कुठल्याही सॉफ्टवेअरमधून जाता कामा नये. बटणाच्या एनसी (एरवी जोडलेल्या) कॉन्टॅक्टने सेफ्टी रिले, रिलेने ड्राइव्हचा मेन कॉन्टॅक्टर आणि व्हीएफडीचा फ्री-रन (आउटपुट सोडून देणं). बोर्डाला फक्त बातमी द्यायची, एका इनपुटवर.

---

सुतारशाळा_कुडाळ

देव बरे करो सगळ्यांचं. आज १६०० वर डिप स्विच फिरवले, कॉन्टॅक्टरवर आरसी लावला, दोन्ही खड्डे पट्टीने जोडले. जुनाच यूएसबी बोर्ड आहे, तरी कलेक्टर पन्नास वेळा चालू-बंद केला आणि एकदाही कनेक्शन गेलं नाही. स्पिंडलची शील्डेड केबल मागवलीय. त्यानंतर विंडोजवर इथरनेट बोर्ड घ्यायचं ठरवतोय.

तीन शंका राहिल्या. इथरनेटची केबल शील्डेड घ्यावी का? पावसात पॅनेलचं काय करावं, सकाळी आत दव असतं. आणि लाईट गेली की यूपीएसवर कॉम्प्युटर चालू राहतो, पण जॉब पुढे नीट लागत नाही, एक्स दोनतीन मिमी सरकलेला असतो.

---

पॅनेल_लोटे

केबल कॅट ५ई पुरते, पण कॉपर-क्लॅड अॅल्युमिनियमची नको, शुद्ध तांब्याची. सगळं एकाच अर्थवर आणल्यावर साधी बिनशील्डचीही चालते. शील्डेड घेतली तर तिची शील्ड पॅनेलच्या बाजूला जोडा. कॉम्प्युटरच्या बाजूला प्लास्टिकच्या प्लगने तोडा, नाहीतर आयसोलेशनला पुन्हा तांब्याचा पूल बांधल्यासारखं होईल. आरजे४५ चे संपर्क सोन्याच्या मुलाम्याचे घ्या. खाऱ्या हवेत स्वस्त प्लग दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात आणि 'कधी लागतं, कधी नाही' सुरू होतं. जूनपूर्वी एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

दवावर उपाय म्हणजे हीटर: ६० वॅटचा पॅनेल हीटर तळाशी, ह्युमिडिटी स्विचवर, आणि तो मेन बंद असतानाही चालू राहील अशा वेगळ्या एमसीबीवर. रात्री पॅनेल थंड पडतं तेव्हाच दव येतं, दिवसा चालवून काही फायदा नाही. केबल खालूनच आत घ्या, ग्लँडच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच गळेल. रिकामी भोकं बंद करा. पाल व्हीएफडीच्या टर्मिनलवर चढली की काय होतं ते पॅनेल करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

---

पल्स_आणि_दिशा (रत्नागिरी)

तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे. लाईट गेल्यावर ड्राइव्हचा व्होल्टेज पडतो, मोटर थांबते, पण यूपीएसवरचा कॉम्प्युटर पल्स सोडतच राहतो आणि आपण पुढे गेलो असं समजतो. तो सरकलेला २-३ मिमी म्हणजे त्याच पल्स. मेन सप्लायवर एक छोटा कॉन्टॅक्टर ठेवा, त्याचा एनओ (एरवी तुटलेला) कॉन्टॅक्ट बोर्डाच्या इमर्जन्सी इनपुटच्या साखळीत मालिकेत घाला. लाईट गेली त्याच क्षणी कंट्रोल थांबेल आणि ओळ क्रमांक टिकेल. बोर्डालाही यूपीएस द्या, नाहीतर तो आधी मरेल.

तरीही थांबलेल्या जागेवरून थेट सुरू करू नका. स्टेपरची वीज गेली की रोटर जवळच्या पूर्ण स्टेपवर बसतो, आणि दोन मोटरांची गँट्री किंचित तिरकी होते. झेड वर, दोन्ही एक्स मोटर आपापल्या होम सेन्सरवर वेगवेगळ्या होम, मग स्पिंडल पूर्ण वेगाला आल्यावर थांबलेल्या ओळीच्या दहा-वीस ओळी आधीपासून.

शील्डेड केबल बसल्यावर एक चाचणी घ्या. शून्यावर डायल गेज लावा, हजारभर लहान मागे-पुढे हालचालींची फाइल चालवा आणि शून्यावर परत या. सरकणं दिशा बदलण्याच्या संख्येच्या प्रमाणात आणि नेहमी एकाच बाजूला असेल तर पल्सची पोलॅरिटी उलटी आहे किंवा डिरेक्शनचा सेटअप वेळ (दिशा बदलल्यापासून पल्सपर्यंतचा) कमी पडतोय; पोलॅरिटी फिरवा, वेळ ५ मायक्रोसेकंदांच्या वर न्या. सरकणं कधी इकडे कधी तिकडे असेल तर अजून गोंगाट शिल्लक आहे. फक्त रॅपिडलाच सरकत असेल तर केबल-बोर्ड सोडा आणि अॅक्सिलरेशन कमी करा, मोटरचा टॉर्क तिथे संपतोय. ही चाचणी स्पिंडल बंद ठेवून एकदा आणि १८००० वर चालू ठेवून एकदा घ्या, आणि दोन्ही आकडे इथे टाका.